केटीला मॅच बघायची होती

बाळंतपण करायला गेले आणि बेसबॉल बघून आले, असं सांगितलं तेव्हा आमच्या भिशीतल्या बायका खो खो हसल्या. पण झालं खरं तसंच. धाकटी बहीण शिकागोजवळ राहते. तिच्या दुसऱ्या खेपेला आई जाणार होती, पण आईचे गुडघे ऐन वेळी रुसले आणि २०२३च्या उन्हाळ्यात डिंक, अळीव, सुंठ घेऊन मीच विमानात बसले.

सव्वा महिना पार पडला. परतायच्या आधीच्या रविवारी मेव्हणे म्हणाले, "ताई, अमेरिका बघायची तर मॉल नको, मैदानावर चला." मग ते, आठ वर्षांची थोरली भाची आणि मी, असे तिघं निघालो.

मैदानाचं नाव रिग्ली फील्ड. १९१४ सालचं. विटांच्या भिंतींवर हिरवागार वेल चढलेला. रिग्ली म्हणजे तेच, चुइंगमवाले. 'शिकागो कब्ज' हा संघ बरीच वर्षं त्यांच्या मालकीचा होता. खेळ मला फारसा कळला नाही हे कबूल करते. चेंडू टप्पा न पडता येतो, फटका मारला की बॅट टाकून पळायचं आणि चार बेस पूर्ण केले की एक धाव, एवढं भाचीने शिकवलं. एकेका संघाचे हंगामात १६२ सामने! म्हणजे मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज. तिथे याला राष्ट्रीय विरंगुळा म्हणतात ते उगाच नाही.

मी खेळापेक्षा माणसंच जास्त बघत होते. नातवाला घेऊन आलेले आजोबा, पोटाशी बाळ बांधलेली आई. माझ्या शेजारच्या आजी पेन्सिलीने कागदावर प्रत्येक चेंडूचा हिशोब लिहीत होत्या, आपल्याकडे दुधाचा हिशोब लिहितात तशा. मी कौतुकाने बघते म्हटल्यावर बोलायला लागल्या. कब्ज संघाने २०१६ साली अजिंक्यपद मिळवलं, ते तब्बल १०८ वर्षांनी. तेव्हा लोकांनी मैदानाच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली. वाट बघता बघता जी गेली त्यांची. आजींनी आईचं नाव लिहिलं होतं. आई जन्मभर रेडिओला कान लावून बसायची म्हणे. आपण पितृपक्षात पान वाढतो, यांनी विटेवर नाव लिहिलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सातव्या डावाच्या मध्यात सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि गाऊ लागलं. 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे ते गाणं. भाचीच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आजींनी सांगितलं, "हे गाणं एका मुलीचं आहे. तेवढंच सगळे विसरलेत."

घरी येऊन बघितलं तर खरंच! १९०८ सालच्या या गाण्याची नायिका केटी केसी. तिचा मित्र तिला नाटकाला चल म्हणतो, तर ही ठणकावते की नाटकबिटक नको, मला मॅचला ने. मैदानावर फक्त धृपद गातात. केटीचं नाव कडव्यात आहे, आणि कडवी कुणी म्हणत नाही.

मग मला नादच लागला. बाळ रात्री जागवायचं, त्याला मांडीवर घेऊन मी वाचत बसायची.

दुसऱ्या महायुद्धात तिथले खेळाडू सैन्यात जाऊ लागले. बेसबॉल बंद पडेल या धास्तीने फिलिप रिग्ली यांनी १९४३ मध्ये मुलींची व्यावसायिक लीग काढली. निवड चाचणी झाली ती याच मैदानावर. एवढंच नाही, त्या वर्षी जुलैत तात्पुरते दिवे लावून इथे रात्रीचा पहिला सामना झाला, तोही मुलींचाच. पुरुषांना इथे दिव्यांखाली खेळायला १९८८ उजाडलं!

पगार आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर. कितीतरी जणींची कमाई वडिलांपेक्षा जास्त. पण अटी ऐका. खेळायचं स्कर्ट घालून. केस आखूड नकोत, ओठांना लिपस्टिक हवी, चारचौघांत पँट घालायची नाही. पहिल्या दोन वर्षी तर दिवसभर सराव करून संध्याकाळी बसावं-उठावं कसं याची शिकवणी. आता स्कर्ट घालून जमिनीवर घसरत बेस गाठायचा म्हणजे मांडीचं सालटं निघणारच. निघायचं. त्यावर पट्टी बांधून पोरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात. १९४८ साली नऊ लाखांवर लोकांनी त्यांचे सामने पाहिले.

काळ्या मुलींना मात्र तिथेही दार बंद. पुरुषांच्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये ही रंगाची भिंत पाडली. आज दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू त्याचा ४२ नंबर घालतात. मुलींच्या लीगने ती शेवटपर्यंत पाडली नाही. मेमी जॉन्सनला निवड चाचणीच्या मैदानावरून परत पाठवलं. ती आणि टोनी स्टोन मग काळ्या पुरुषांच्या संघात जाऊन पुरुषांबरोबर खेळल्या. मला तर त्यांचंच जास्त वाटतं.

पुरुष युद्धावरून परतले, टीव्ही आला, १९५४ मध्ये मुलींची लीग बंद झाली. दरम्यान १९५२ साली एका व्यावसायिक संघाने बाईला करारबद्ध केलं, तर वरिष्ठांनी नियमच काढला, बायकांशी करार नको. सहाशेवर खेळाडू गुपचूप संसाराला लागल्या. त्यांतली हेलन कॅलाहन १९४५ची अव्वल फलंदाज. तिचा एक मुलगा केसी पुढे मेजर लीगमध्ये खेळला, दुसऱ्याने आईच्या लीगवर माहितीपट काढला. त्यातूनच १९९२चा गाजलेला सिनेमा निघाला. आईने काय केलं हे देशाला मुलाने सांगितलं तेव्हा कळलं. आपल्याकडे तरी वेगळं काय असतं म्हणा!

आमच्या गावात मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. बेसबॉलचाच हा भाऊबंद. दर वर्षी त्यांतल्या दोघीतिघींच्या घरी मी जाते, कारण तिथल्या अडचणी खेळाच्या नसतात. "अर्ध्या चड्डीत पोरगी नको." "दहावी झाली, आता बास." एका आईला मी म्हटलं, पूर्ण पँट देऊ, पण पाठवा. ती म्हणाली, "पँटीचं नाही हो ताई, लोक बघतात." त्या मुलीला मी अजून मैदानावर आणू शकलेले नाही. जाणार आहे पुन्हा.

परतल्यावर संघातल्या पोरींना ही केटी सांगितली. सगळ्या धुळीत फतकल मारून बसलेल्या.

"मग नेलं का त्याने तिला?" आमच्या कॅचरने विचारलं.

"नेलं ना! पुढच्या कडव्यात ती मैदानावर आहे. सगळ्या खेळाडूंना नावाने ओळखते आणि अंपायरला सांगते, तुमचंच चुकलं."

"अंपायरला?" पोरी फिदीफिदी हसल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये मेजर लीगच्या सामन्यात पहिल्यांदा बाई अंपायर म्हणून उभी राहिली. जेन पॉवल तिचं नाव. ही बातमी मी मैदानावर जाऊन वाचून दाखवली. कॅचरबाई म्हणाल्या, "बाई, मग आता तिच्याशी भांडायचं का?"