स्फटिक आणि काच यांचा मेळ

२०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या शास्त्रज्ञांना विभागून देण्यात आले. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्यापासून बांधलेल्या सच्छिद्र जाळ्यांचा, म्हणजेच ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’चा विकास हे त्यांचे कार्य. या जाळ्यांना संक्षेपाने ‘मॉफ’ म्हणतात. प्रयोगशाळेतील ही किमया कारखान्यापर्यंत नेताना एक मोठी अडचण उभी राहते. तिच्यावर शोधल्या जात असलेल्या एका उपायाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

मॉफची रचना बांधकामावरील परांचीसारखी असते. धातूचे अणू हे तिचे सांधे, तर कार्बनयुक्त रेणू हे तिचे वासे. मधल्या पोकळ्या इतक्या असंख्य असतात की, काही मॉफच्या अवघ्या एका ग्रॅमचा आतील पृष्ठभाग काही हजार चौरस मीटर भरतो. या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड अडविण्यासाठी मॉफकडे आशेने पाहिले जाते, ते याच गुणामुळे.

परंतु मॉफ बहुधा बारीक भुकटीच्या रूपात तयार होतात. भुकटी नळीत भरली तर वायूचा मार्ग कोंडतो. ती बांधण्यासाठी चिकट द्रव्य मिसळले, तर तेच द्रव्य छिद्रे बुजवू शकते. मग या भुकटीला आकार द्यावा कसा?

येथे काच मदतीला येते. खडीसाखर आणि साखरेचा थिजलेला कडक पाक यांतील भेद आपल्या परिचयाचा आहे. खडीसाखरेत रेणू शिस्तीने रचलेले असतात, तो स्फटिक होय. पाक चटकन थंड झाला की रेणूंना रांगेत बसण्यास अवधी मिळत नाही आणि काचेसारखा पदार्थ तयार होतो. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातील थॉमस बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मॉफही असेच वितळवून काचरूप करता येतात हे दाखवून दिले. अशा काचेला हवा तो आकार देणे शक्य होते; मात्र तिच्यातील पोकळ्या स्फटिकाच्या मानाने कमी असतात.

२०१९ साली संशोधकांनी दोहोंचा मेळ घातला. जस्तयुक्त ‘झिफ-६२’ आणि अॅल्युमिनियमयुक्त ‘मिल-५३’ या दोन भुकट्या मिसळून त्यांनी सुमारे ४५० अंश सेल्सियसपर्यंत तापविल्या. झिफ-६२ वितळला, मिल-५३ मात्र अभंग राहिला. शेंगदाण्याच्या चिक्कीत पाकाने दाणे धरून ठेवावेत, तसे थंड झालेल्या काचेने स्फटिक धरून ठेवले.

मिल-५३ चा स्वभाव मोठा विलक्षण आहे. तो जणू श्वास घेतो. तापविल्यावर त्याच्या पोकळ्या उघडतात आणि थंड होताना पाण्याचा अंश मिळाला की त्या आक्रसतात. काचेच्या वेढ्यात मात्र त्या सामान्य तापमानालाही उघड्याच राहिल्या. परिणामी, कार्बन डायऑक्साइड सामावून घेण्याची क्षमता लक्षणीयरीत्या वाढली. म्हणजे येथे काच केवळ स्फटिकांना बांधून ठेवत नाही, तर एरवी न टिकणारे त्यांचे उपयुक्त रूपही टिकवून धरते.

हेच तत्त्व पुढे अन्यत्रही उपयोगी पडले. २०२१ साली क्वीन्सलंड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझियम, शिसे आणि आयोडीन यांचा तेजस्वी पण नाजूक स्फटिक मॉफच्या काचेत बसविला. तो पाणी, उष्णता आणि प्रकाश यांना तोंड देऊ शकला. विषारी शिसे बाहेर झिरपू न देण्याची क्षमताही या संमिश्रात दिसून आली.

तरीही मार्ग सोपा नाही. काच वितळते त्या तापमानात स्फटिक तगला पाहिजे, आणि बहुसंख्य मॉफ त्याआधीच मोडतात. वितळलेल्या काचेने स्फटिकाला लपेटावे, पण त्याच्याशी रासायनिक क्रिया करून त्याचा नाश करू नये. शिवाय वायूला आतील स्फटिकापर्यंत पोहोचता यावे, इतकी सच्छिद्रता काचेतही हवी. म्हणून कमी तापमानात वितळणाऱ्या मॉफचा शोध येथे निर्णायक ठरणार आहे. तो जितका सफल होईल, तितके अधिक स्फटिक काचेत सुरक्षित बसविता येतील आणि भुकटीची ती जुनी अडचण दूर होऊ शकेल.