पोहरादेवीचे बंजारा विरासत संग्रहालय : लिपीविना जपलेला वारसा

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी व जगदंबा मातेचे मंदिर येथे असल्याने रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच शेजारील राज्यांतूनही भाविक मोठ्या संख्येने येतात. याच ठिकाणी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाच्या धार्मिक जीवनात मानाचे स्थान असलेल्या नगाऱ्याच्या आकाराची ही वास्तू चार मजली असून तिच्यात १३ दालने आहेत. समाजाचे संत व नेते, त्याचा इतिहास आणि त्याची जीवनपद्धती यांचे दर्शन तेथे घडते.

बंजारा समाज हा मूळचा वाहतूकदारांचा समाज होय. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि हा व्यवसाय बुडाला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत या समाजाचे अनेक गटही सापडले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६३ मध्ये, याच समाजातील वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

या समाजाची भाषा गोरबोली. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. त्यामुळे या समाजाचे साहित्य ग्रंथांत नव्हे, तर कंठात राहिले. होळीची लेंगी गीते, तीजेच्या सणातील मुलींची गाणी आणि ढाडींनी गायिलेल्या वंशगाथा हेच त्याचे ग्रंथभांडार. त्याची कलाही स्त्रियांच्या अंगावरच जपली गेली. आरसे, कवड्या व रंगीत धागे यांनी सजविलेल्या फेटिया आणि कांचळीवरील भरतकाम आई मुलीला शिकवीत आली.

देशोदेशी विखुरलेल्या समाजाने आपला वारसा कसा राखावा, याचा एक दाखला आर्मेनियन लोकांच्या इतिहासात सापडतो. संत मेस्रोप माश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन भाषेसाठी लिपी तयार केली व त्यानंतर लवकरच बायबलचे भाषांतर झाले. मखितार या आर्मेनियन कॅथलिक मठवासीयाने आपला संघ १७१७ मध्ये व्हेनिसजवळील सान लाझारो बेटावर नेला. तेथे हस्तलिखिते जमविली गेली व ग्रंथ छापले गेले. १९१५ च्या नरसंहारात मुश येथील मठातील प्रवचनांचे अवजड हस्तलिखित दोन स्त्रियांनी दोन भाग करून वाचविले. ते आज येरेव्हानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात आहे.

आर्मेनियन लोकांना वाचविण्यासाठी निदान एक ग्रंथ हाती होता. तांड्यावर मात एखादी वृद्ध गायिका निवर्तली, की तिची न लिहिलेली गाणी तिच्याबरोबरच जातात. मुलांचे शिक्षण मराठीतून होते, अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षातील कित्येक महिने गावाबाहेर असतात आणि घरातील गोरबोली हळूहळू मागे पडते. म्हणूनच पोहरादेवीच्या संग्रहालयाचे खरे मोल त्याच्या वास्तूपेक्षा आवाजाच्या जतनात ठरेल. गीते ध्वनिमुद्रित व्हावीत, त्यांचे अर्थ लिहून ठेवावेत, भरतकामाच्या टाक्यांची नावे ते घालणाऱ्या हातांकडूनच समजून घ्यावीत, हे काम निकडीचे आहे.

वसईच्या सामवेदी व वाडवळी बोली बोलणाऱ्यांना ही चिंता परकी वाटू नये. आपल्या आजी-आजोबांची गाणीही बहुतांशी स्मरणातच आहेत. इमारत उभारणे हे शासनाचे काम असले, तरी घरातील ज्येष्ठांजवळ बसून ती गाणी ऐकणे व टिपून ठेवणे हे काम प्रत्येक कुटुंब आजच करू शकते.