पेशी कमी आल्या म्हणून केमो थांबते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात २०१२पासून मराठवाडाभरातले रुग्ण उपचारांसाठी येतात. पहाटेची एसटी धरून केमोला आलेल्या माणसाला ‘पेशी कमी आल्यात, आठ दिवसांनी या’ असं सांगितलं की घरच्यांचा धीर सुटतो. आजार वाढला, असंच वाटतं. तसं नसतं.

केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात, तशी रक्त तयार करणारी हाडांतली मज्जाही सापडते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र रक्तात काही तासच असतात, म्हणून तुटवडा आधी त्यांचा पडतो. बऱ्याच औषधांत केमोनंतर ७ ते १४ दिवसांत आकडा तळाला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावरतो.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या, कागदावर सगळे एकूण आकडाच पाहतात. दोघांच्या पांढऱ्या पेशी २,४०० आल्या, असं धरा. एकाचे न्यूट्रोफिल ६० टक्के, म्हणजे १,४४०. दुसऱ्याचे २० टक्के, म्हणजे ४८०. १,५००च्या खाली कमी आणि ५००च्या खाली धोक्याचं. एकूण आकडा सारखाच, पण दुसऱ्याला जपायला हवं.

या पेशी नसल्या की जखमेत पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. आत संसर्ग पसरत असतो आणि बाहेर खूण एकच, ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवणं तर सगळ्यात वाईट. खूणच पुसली जाते. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा नियम आहे.

पेशी वाढवणारं इंजेक्शन, फिलग्रास्टिम, मज्जेला कामाला लावतं. ते केमो संपल्यावर किमान २४ तासांनी देतात. नंतर कंबर, हाडं ठणकतात; ते अपेक्षितच आहे. हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

पपईच्या पानांच्या रसाचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. त्याने न्यूट्रोफिल वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही, आणि नीट न धुतलेल्या पानांचा कच्चा रस अशा दिवसांत उलट घातक. पाण्यालाही जपावं. संभाजीनगरात जायकवाडी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते टाकीत साठून राहतं. रुग्णाला ते उकळूनच द्यावं. घरचं ताजं, गरम जेवण चालतं. गाड्यावरचा रस, उघडी चटणी नको.

हिंगोलीच्या माणसाला रात्री ताप चढला तर त्याने संभाजीनगरची गाडी शोधत बसू नये. जवळचं जिल्हा रुग्णालय गाठावं, केमोची फाइल टेबलावर ठेवावी आणि पहिलं वाक्य हेच बोलावं: ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, आता ताप आहे.’