यंत्र बंद, सॉकेट चालू

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या दुकानाचे विमानातून घेतलेले छायाचित्र पाहा. सपाट छतावर पत्र्याच्या मोठमोठ्या पेट्या दिसतील. ती इमारतीची वातानुकूलन यंत्रे होत. काँप्रेसर, पंखे, नळ्या असा सारा संसार एकेका पेटीत मावलेला असतो. या पेटीवर किंवा तिच्याजवळ एक साधा सॉकेटही असतो. हवा थंड करण्याशी त्याचा काहीच संबंध नाही. मग तो तिथे कशासाठी?

तो आहे दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकसाठी. त्याला हातदिवा लावायचा असतो, ड्रिल चालवायचे असते, नळ्यांतील हवा काढणारा पंप जोडायचा असतो. जवळ सॉकेट नसला, तर तो खालच्या मजल्यावरून लांबलचक वायर ओढून आणणार आणि ती पत्र्याच्या धारेवर घासून सोलली जाणार. म्हणून अमेरिकेच्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ या नियमावलीत असा सॉकेट यंत्रापासून २५ फुटांच्या, म्हणजे सुमारे साडेसात मीटरच्या आत असावा, असे सांगितले आहे. या सॉकेटला वीज १२० व्होल्ट दाबाची लागते. ती त्याला कशी द्यायची, यात मात्र पदार्थविज्ञानाचे चांगले तीन धडे आहेत.

वीज कुठून घ्यावी?

प्रत्येक यंत्राला स्वतःचा मेन स्विच असतो. दुरुस्तीपूर्वी मेकॅनिक तो बंद करतो. सॉकेटची तार या स्विचच्या पुढे, म्हणजे यंत्राच्या बाजूला जोडली असेल, तर यंत्राबरोबर दिवा आणि ड्रिलही बंद पडेल! मग पेटी उघडी असतानाच स्विच पुन्हा चालू करण्याचा मोह होणार. म्हणून नियमावली सांगते, की या सॉकेटची वीज यंत्राच्या स्विचनंतर घेऊ नये. यंत्र बंद असतानाही सॉकेट चालू राहिला पाहिजे.

पण याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. सॉकेट पेटीवरच असेल, तर मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्याकडे जाणाऱ्या तारांत वीज असते. स्विच पाडला म्हणजे पेटीतील सर्व तारा निर्जीव झाल्या, हा समज प्राणघातक ठरू शकतो. म्हणून अशा पेटीवर ठळक सूचना हवी, आणि मेकॅनिकने कोणत्याही तारेला हात लावण्यापूर्वी मीटरने ती तपासली पाहिजे.

१२० व्होल्ट कसे मिळवावे?

या यंत्रांना बहुधा थ्री-फेज वीज लागते. पेटीपर्यंत फेजच्या तीन तारा आणि अर्थिंगची एक तार येते. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, बऱ्याचदा आणलेलीच नसते. अमेरिकेत दोन फेजमधील दाब अनेक ठिकाणी २०८ व्होल्ट असतो. त्याला ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने भागा. उत्तर १२० येते. हा एक फेज आणि न्यूट्रल यांमधील दाब. आपल्याकडे ४१५ ला त्याच संख्येने भागले की २४० येतात, ते याच कारणाने.

आता मोह पाहा. अर्थिंगची तार पुरवठ्याच्या मूळ ठिकाणी न्यूट्रलला जोडलेली असते. त्यामुळे एक फेज आणि पेटीचा पत्रा यांमध्ये मीटर १२० व्होल्ट दाखवतो. त्यांमध्ये दिवा जोडला तर तोही लागतो. मग वेगळी न्यूट्रल हवीच कशाला?

समजा, अशा सॉकेटवर ड्रिल चालू आहे आणि अर्थिंगची तार गंजून तुटली. प्रवाह थांबेल, ड्रिल बंद पडेल. पण प्रवाह शून्य झाला की ओहमच्या नियमाप्रमाणे ड्रिलमध्ये होणारी दाबाची घटही शून्य! म्हणजे फेजचे सगळे १२० व्होल्ट ड्रिलमधून पेटीच्या पत्र्यापर्यंत पोचतात. ओल्या छतावर गुडघे टेकून पेटीला हात लावणारा माणूस हाच आता प्रवाहाचा परतीचा मार्ग होतो.

योग्य मार्ग दोन आहेत. एक म्हणजे इमारतीच्या विजेच्या पॅनेलपासून न्यूट्रलसह वेगळी लाइन आणणे. दुसरा म्हणजे पेटीत लहान रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर बसवून तेथेच १२० व्होल्ट तयार करणे. दोन्हींत प्रवाह जायला एक तार आणि परतायला दुसरी तार असते. अर्थिंगची तार एरवी रिकामी राहते. बिघाडाच्या वेळी धावून येणे हेच तिचे काम.

पहारेकरी

छतावरच्या सॉकेटला आणखी एक संरक्षण लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी विजेचा माणसावर होणारा परिणाम अभ्यासला. पुरुषाच्या हातातून सरासरी १६ मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर स्नायू आखडून धरलेली तार सोडता येत नाही, असे त्यांना आढळले. १९६१ साली त्यांनी गळती ओळखणारे उपकरण तयार केले. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ते सतत ताडून पाहते. दोहोंत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला, की वीज कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, गळते आहे असे समजून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. आपल्या घरांत याच तत्त्वावरची, बहुधा ३० मिलिअँपिअरची उपकरणे बसवतात.

पण परतीची तार म्हणून पत्रा वापरला असेल, तर हा पहारेकरीही आंधळा होतो. का? ड्रिलमधून परतणारा प्रवाह आधी उपकरणातूनच जातो, मग पत्र्यात आणि पत्र्यातून माणसात. उपकरणाच्या हिशेबी गेले तेवढे परत आले! बेरीज-वजाबाकी बरोबर, आणि माणूस मात्र संकटात. एक जोडणी चुकली, की दुसरे संरक्षणही वाया जाते, ते असे.

घरचा वा शाळेचा कोणताही सॉकेट उघडून मात्र पाहू नका. ते काम वायरमनचे. तुम्ही कागदावर एक गणित सोडवा. ४८० व्होल्टच्या पुरवठ्यावर रोहित्र बसवून १२० व्होल्टच्या सॉकेटमधून १५ अँपिअर प्रवाह घेतला, तर ४८० व्होल्टच्या बाजूला किती प्रवाह वाहील? रोहित्रात शक्ती वाया जात नाही असे माना. उत्तर ३.७५ अँपिअर आले, तर रोहित्र तुम्हाला समजले!