पोटरी दुखते, धमनी तपासली का?

छातीत दुखले की आपण त्याच दिवशी ईसीजी काढायला धावतो. चालताना पोटरी दुखली तर मात्र तेल चोळतो, शेक घेतो आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. पुष्कळदा दोन्हींच्या मुळाशी एकच आजार असतो. हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्या म्हणजे धमन्या. त्यांच्या अस्तरात चरबी आणि कॅल्शियमचा थर वर्षानुवर्षे साठतो आणि वाट अरुंद होते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत हे झाले तर त्याला कोरोनरी आर्टरी डिसीज म्हणतात, पायांच्या धमन्यांत झाले तर पेरिफेरल आर्टरी डिसीज. आपण पायापासून सुरुवात करू, कारण उशीर तिथेच होतो.

आधी दुखणे नीट ओळखायचे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते, उभे राहिले की काही मिनिटांत ओसरते, आणि पुन्हा साधारण तेवढेच चालले की परत येते. चढावर लवकर येते. मणक्यात नस दबली असेल तर नुसते उभे राहूनही पाय दुखतो आणि बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय आराम पडत नाही. डॉक्टरांना हा फरक सांगा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर दुखणे जाणवतच नाही आणि न भरणारी जखम हीच पहिली खूण ठरते.

दवाखान्यात चपला-मोजे काढून दोन्ही पाय दाखवा. डॉक्टर जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वर अशा चार जागी नाडी पाहतात. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही.

पुढची तपासणी स्वस्त, न दुखणारी आणि तरीही फार क्वचित होणारी आहे. तिला एबीआय म्हणतात. घोट्यातला रक्तदाब दंडातल्या रक्तदाबाच्या किती पट आहे, हे ती सांगते. थोडा वेळ आडवे पडायचे, मग दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर पट्टा बांधून वरचा दाब मोजतात. दंडात 140 आणि घोट्यात 84 आला, तर आकडा 0.60. साधारणपणे 1.00 ते 1.40 ठीक, 0.90 किंवा त्याखाली आजार, आणि 0.40 च्या खाली गेला तर पाय धोक्यात.

इथे एक मोठी फसगत होते. जुना मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्यांच्या धमन्या कॅल्शियमने कडक होतात, पट्ट्याने दबतच नाहीत. मग आकडा 1.40 च्या वर किंवा खोटाच ‘नॉर्मल’ येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायला सांगावे, तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक झालेल्या नसतात.

त्यानंतर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी. चिठ्ठीवर ‘आर्टेरियल’ लिहिले आहे ना, ते बघून घ्या. ‘व्हेनस’ डॉप्लर शिरांचा असतो. तो व्यवस्थित आला म्हणून धमन्या मोकळ्या आहेत असे होत नाही. त्याच घोळातून पायात घट्ट सर्जिकल मोजे चढवले जातात. धमनी आधीच अरुंद असेल तर त्या दाबाने रक्त आणखी कमी पोहोचते.

सीटी अँजिओग्राफी बहुधा धमनी मोकळी करायचे ठरू लागल्यावरच लागते. तिच्यात रंगद्रव्य टोचतात. त्याआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. अँजिओग्राफी म्हणजे तपासणी आणि अँजिओप्लास्टी म्हणजे उपचार. सही करण्यापूर्वी यातले नेमके काय होणार आहे, ते विचारा.

पायात आजार सापडला की हृदयाचा विचार झालाच पाहिजे. या रुग्णांचा जीव बहुधा पायामुळे जात नाही, हृदयविकार किंवा पक्षाघाताने जातो. शिवाय पोटरी आधीच थांबवते, त्यामुळे छातीत दुखावे इतके श्रम होतच नाहीत आणि हृदयाचा आजार लपून राहतो. बसल्याजागी काढलेला ईसीजी चांगला आला तरी तो पुरेसा पुरावा नाही. ट्रेडमिलवर चालणे जमत नसेल, तर औषध देऊन हृदयाचा वेग वाढवून केलेला स्ट्रेस इको हा एक पर्याय असतो.

उपचाराची सुरुवात तंबाखूपासून होते: बिडी, सिगारेट, मळलेली तंबाखू, मशेरी, सगळे बंद. चाळिशीच्या आतल्या तंबाखू ओढणाऱ्यांत बर्गर्स डिसीज नावाचा वेगळा आजार दिसतो. त्यात हातापायांची बोटे काळी पडतात आणि तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय कोणतेही औषध तो रोखू शकत नाही.

मग स्टॅटिन. रिपोर्टात कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ छापले असले तरी हे औषध लागते, कारण या रुग्णांत एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली आणि अनेकांत 55 च्या खाली ठेवायचे असते. जोडीला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि रक्तदाब व साखरेवर ताबा. चालण्याचे अंतर वाढवणारे सिलोस्टाझॉल काहींना उपयोगी पडते. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी मात्र ते घ्यायचे नसते.

पायावर जखम नसेल तर चालणे हेच औषध. दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे, ओसरले की पुन्हा निघायचे. विश्रांती धरून 30 ते 45 मिनिटे, आठवड्यातून निदान तीनदा, किमान तीन महिने. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथेच घात होतो.

एवढे करूनही रोजचे जगणे अडत असेल, किंवा पाय धोक्यात असेल, तर अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनी रुंद करणारा फुगा आणि स्टेंट. हा उपचार आधी पायातच झाला. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद धमनी नळी घालून रुंद केली. पाय कापून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. हृदयाच्या धमनीत फुगा वापरला तो आंद्रेयास ग्रुएन्त्सिग यांनी, झ्युरिकमध्ये, सप्टेंबर 1977 मध्ये. लांबवर बंद झालेल्या धमनीला बायपास बरा पडतो, आणि त्यासाठी पायातलीच शीर सर्वांत टिकाऊ. स्टेंटनंतरच्या गोळ्या दात काढण्यासाठीसुद्धा परस्पर बंद करू नका. ज्यांनी स्टेंट घातला त्यांना आधी विचारा.

रात्री झोपेत पाऊल ठणकते आणि पाय खाटेखाली सोडल्यावर बरे वाटते, किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नाही, तर एबीआयसाठी पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नका. कुरूप ब्लेडने कापू नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. बोट किंवा पाऊल कापायचा सल्ला मिळाला, तर ‘रक्तपुरवठा तपासला का, धमनी उघडता येईल का?’ हे विचारून रक्तवाहिन्यांच्या सर्जनचे मत घ्या. अंग सडून जंतुसंसर्ग शरीरभर पसरत असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो.

आणि पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला, बोटे हलेनाशी झाली, तर ती गुठळी असू शकते. हातात काही तासच असतात. चोळत बसू नका, रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात फोन करून थेट तिथेच न्या.