व्हल्कनची वर्गणी

अणुबॉम्ब टाकण्यासाठी बांधलेलं विमान लोकांच्या वर्गणीवर आठ वर्षं उडत राहिलं, हे ब्रिटनमध्येच घडू जाणे. अॅव्रो व्हल्कन या त्रिकोणी पंखांच्या बॉम्बफेकी विमानाला अणुबॉम्ब टाकायची वेळ सुदैवानं कधी आली नाही. युद्धात ते उतरलं थेट १९८२ साली, फॉकलंडमध्ये, तेही साधे बॉम्ब घेऊन. दोन वर्षांत सगळा ताफा निवृत्त झाला. १९६० सालचं ‘एक्सएच ५५८’ हवाई दलानं प्रात्यक्षिकांपुरतं राखलं होतं. खर्च परवडेना, तेव्हा १९९३ मध्ये तेही विकलं. लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पच्या वॉल्टन कुटुंबानं ते घेतलं आणि सोबत ऑलिम्पस जातीची आठ कोरी इंजिनंही पदरात पाडून घेतली. ही दूरदृष्टी नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

ते पुन्हा उडवायचा ध्यास डॉ. रॉबर्ट प्लेमिंग यांनी घेतला. ट्रस्ट निघाला, आणि २००३ च्या अखेरीस हेरिटेज लॉटरी फंडानं २७ लाख पौंड मंजूर केले. पण जुनं विमान उघडल्याशिवाय त्याचा खरा खर्च कळत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तिजोरीत खडखडाट झाला आणि कामगारांच्या हाती नोटिसा पडल्या. महिनाअखेरपर्यंत १२ लाख पौंड उभे राहिले नाहीत, तर काम बंद. पेन्शनरांपासून शाळकरी मुलांपर्यंत ज्याला जमेल तसं त्यानं दिलं. शेवटी सर जॅक हेवर्ड यांनी एकट्यानं पाच लाख टाकले. फॉकलंडमध्ये गंजत पडलेलं ‘ग्रेट ब्रिटन’ हे ऐतिहासिक जहाज १९७० साली मायदेशी आणायला पैसा पुरवणारे तेच हे गृहस्थ. १८ ऑक्टोबर २००७ ला व्हल्कन पुन्हा हवेत झेपावलं.

अशा हकिकतीत मोठ्या धनादेशाचंच नाव होतं. पण विमान उडतं ठेवायला दरवर्षी सुमारे २० लाख पौंड लागत, आणि त्यासाठी हेवर्ड रोज भेटत नसतात. तो पैसा आला छोट्या देणग्यांतून, स्मरणवस्तूंच्या विक्रीतून आणि एअर शोच्या मानधनातून. एक हंगाम पार पडतो न पडतो, तोच पुढच्या हंगामाचं आवाहन निघे.

पैशानं न भरणारं नुकसानही होतं. मे २०१२ मध्ये डॉनकास्टरला उड्डाणासाठी इंजिनांचा जोर वाढवला आणि एक इंजिन फुटलं. त्याचे तुकडे शेजारच्यानं ओढून घेतले आणि तेही गेलं. कारण काय, तर हवेच्या मार्गात राहून गेलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या! बुटांच्या खोक्यात पुडी असते, तीच जात, फक्त मोठी. ऑलिम्पसच्या या जातीचं उत्पादन केव्हाच थांबलं होतं, त्यामुळे मोजक्या शिलकीतली दोन इंजिनं अशी हकनाक गेली. पुढच्या वर्षी पंखांच्या मजबुतीसाठी चार लाखांहून अधिक पौंडांची हाक दिली. लोकांनी तेही दिले.

मग घोडं अडलं कुठे? सह्यांपाशी. एवढ्या गुंतागुंतीच्या विमानाला नागरी परवान्यावर उडायचं, तर ज्यांना त्याची रचना कळते अशा कंपन्यांनी सुरक्षिततेची हमी घ्यावी लागते. इथे त्या तीन होत्या: बीएई सिस्टिम्स, रोल्स रॉइस आणि मार्शल एअरोस्पेस. २०१५ नंतर आपण जबाबदारी घेणार नाही, असं तिघींनीही कळवलं. सांगाड्याचे उड्डाणतास इतर कोणत्याही व्हल्कनपेक्षा पुढे गेले होते आणि व्हल्कन हाताळलेले अभियंते निवृत्त होत चालले होते. चाहते कंपन्यांवर चिडले. मला तो राग पटत नाही. इंजिन कपाटात जपता येतं, पण बिघाडाचा वास आधी येणारा माणूस देणगीतून मिळत नाही. गर्दीच्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्राखाली अंदाजानं सही कोण करील?

शेवटच्या हंगामातही वर्गणी आटली नव्हती. २८ ऑक्टोबर २०१५ ला विमान डॉनकास्टरच्या विमानतळावर उतरलं ते कायमचं. पुढे ट्रस्टनं हँगरसाठी पैसे मागितले. हँगर काही उभा राहिला नाही. २०२२ मध्ये तो विमानतळच बंद पडला, आणि व्हल्कन त्याच्या आवारात उघड्यावर राहिलं.