मेडल दुकानात मिळतं, नोंद मिळत नाही

डिस्चार्ज बुक हातात आलं की हवालदारसाहेब आधी मेडलांचा रकाना बघतात. मग भरतीची तारीख, मग पेन्शनवर आल्याची तारीख. फोटो, घरचा पत्ता, शेरा हे सगळं नंतर. फौजेत त्यांनी क्लार्कची नोकरी केली. आता वाळवा, शिराळा, कराड या भागातले माजी सैनिक कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर येतात. मी तिथं बसून बघत होतो.

समोर बसलेले आबा ऐंशी पार केलेले. १९५९ सालची भरती. त्यांच्या जुन्या कागदावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असा होता, कारण सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० साली मिळालं. नातवाला वाटलं, चूक इथंच आहे. हवालदारसाहेब म्हणाले, “ही चूक न्हाई. त्या वक्ताला जिल्हा तसाच होता. आबा, तुमी नंबर सांगा.” आबांनी सैनिक क्रमांक एका दमात सांगितला. नातवाचा मोबाइल नंबर त्यांना पाठ नाही.

रकान्यात दोनच मेडलं होती. आबांचं म्हणणं, पाच पाहिजेत.

यावर हवालदारसाहेब वाद घालत नाहीत, वही उघडतात. त्यांच्या हिशेबानं मेडलांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार तारखेचा. १५ ऑगस्ट १९७२ला जो नोकरीत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. १५ ऑगस्ट १९९७ला होता, त्याला पन्नासाव्या वर्षाचं. नऊ वर्षं, वीस वर्षं नोकरी झाली की लाँग सर्व्हिसची. इथं साक्षीपुरावा लागत नाही, भरती आणि डिस्चार्ज या दोन तारखा पुरतात. दुसरा प्रकार जागेचा. १९६५च्या लढाईतला समर सेवा स्टार, १९७१चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, सैन्य सेवा मेडलवरची जम्मू-काश्मीरची पट्टी. त्या मुदतीत तुम्ही त्या मुलखात होता, हे कागदावर दिसलं पाहिजे. तिसरा प्रकार अंगावरचा, म्हणजे शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याचं वूंड मेडल. त्याला इस्पितळाचे कागद लागतात. शौर्यपदकं या वहीत नाहीत. ती अर्ज करून मिळत नाहीत.

आबांच्या न नोंदलेल्या तीन मेडलांपैकी दोन तारखेची निघाली आणि एक जागेचं, पूर्वी स्टार.

नोंद राहते कशी, हे समजायला पार्ट टू ऑर्डर समजावी लागते. जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, बदली, कोर्स, बढती, मेडल यातलं काहीही घडलं की पलटण ते पार्ट टू ऑर्डर काढून प्रसिद्ध करते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या मूळ नोंदपत्रकावर, ओळ चढते. ऑर्डर निघाली नाही, तर घटना घडूनही कागदावर घडत नाही. १९७१च्या मेडलांत आणखी एक अडचण होती. लढाई डिसेंबर १९७१ची, पूर्वी आणि पश्चिमी स्टार सुरू झाले १९७३ साली. मधल्या काळात माणसं पांगली. कुणाची बदली झाली, कुणी कोर्सला गेलं, कुणी दुसऱ्या पलटणीशी तात्पुरतं जोडलेलं होतं. ज्या पलटणीनं यादी केली तिच्या हजेरीवर हा माणूस नव्हता, आणि जिच्या हजेरीवर होता तिला तो लढाईच्या वेळी कुठं होता हे ठाऊक नव्हतं. पूर्वेच्या आघाडीवर जमालपूरला जी जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, लढली, तिच्या कायमच्या जवानाची नोंद राहून जाणं अवघड. जोडीला दिलेल्या ड्रायव्हरची किंवा स्वयंपाक्याची राहून जाणं सोपं.

नातवानं आणलेला अर्ज दोन पानी होता. भारतमाता, रक्त, वृद्धापकाळ, न्याय, सगळं त्यात होतं. हवालदारसाहेबांनी पेन घेतलं आणि बहुतेक ओळी खोडल्या. उरलं ते एवढंच: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, भरती, डिस्चार्ज, कोणतं मेडल, कोणत्या तारखेच्या आधारे. “विनंती कमी लिही, पात्रता लिही,” ते म्हणाले. “वाचणारा बी क्लार्कच असतोय. त्याला रडवून उपेग न्हाई, त्याला पान सापडलं पाहिजे.”

अर्ज जातो कुठं, हे पलटणीवर ठरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, मिरजेहून थेट रेल्वे. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. महार रेजिमेंटचा माणूस असेल तर सागरला, सिग्नलचा असेल तर जबलपूरला, ईएमईचा असेल तर सिकंदराबादला. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश आणि ओळखपत्र यांच्या प्रती जोडायच्या. शक्यतो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवायचं. म्हातारी माणसं त्याला अजून सोल्जर बोर्डच म्हणतात. पूर्वी स्टारसाठी हवालदारसाहेबांनी आधी माहिती अधिकाराचा अर्ज लावला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. मागितलं एकच, आबांच्या शीट रोलची प्रत. त्यांचं म्हणणं, तिकडं काय लिहिलंय हे कळल्याबिगर भांडायला जायचं नाही.

आबांनी सोबत्यांची नावं सांगायला सुरुवात केली. दोघं अजून हयात आहेत, सही देतील म्हणाले. हवालदारसाहेबांनी नावं लिहून घेतली, पण भर दिला नाही. सोबत्याला प्रसंग आठवतो, रेकॉर्डाला तारीख लागते. त्यांनी पेटीतले बाकीचे कागद मागवले. त्यात १९७१च्या डिसेंबरात घरी पाठवलेल्या मनिऑर्डरीची पावती होती, वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का. ती त्यांनी वेगळी ठेवली.

पैशांच्या कागदावरून सैनिकाची नोकरी शोधण्याची ही रीत दुसरीकडेही चालते. अमेरिकेत सेंट लुईसच्या लष्करी दप्तरखान्याला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. तिथले माजी सैनिक आणि त्यांची मुलं आजही मेडलांसाठी अर्ज करतात, आणि जळालेली नोकरी पगाराच्या व्हाउचरांवरून पुन्हा जुळवली जाते. आपल्याकडे धोका आगीचा नाही, मुदतीचा आहे. पेन्शन न मिळालेल्या जवानाचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करता येतात. आबा पेन्शनर, म्हणून त्यांची फाइल टिकली.

या मेडलांनी पेन्शन एक रुपयानंही वाढत नाही. मग धडपड कशाला? मी विचारलं तेव्हा मुरलीकांत पेटकरांचं नाव निघालं. पेटकर याच भागातले, पेठ इस्लामपूरचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मात्र २०१८ला आणि अर्जुन पुरस्कार थेट जानेवारी २०२५मध्ये मिळाला. ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे ते घरोघरी पोचले. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्येंचं मोठं हाय. त्येंनी जिकलं. मी काय जिकलो न्हाई, मी तिथं हुतो. एवढंच लिवा म्हन्तोय.”

हा फरक मला तिथवर दिसला नव्हता. पुरस्कार कुणीतरी द्यायचं ठरवतं. उशीर होतो, नाकारलाही जातो. मोहिमेच्या मेडलात कुणी काही ठरवायचं नसतं. अट पुरी झाली त्या दिवशी ते त्याचं झालं, फक्त लिहायचं राहिलं. पुण्याच्या कॅम्पात अशी मेडलं रिबिनीसकट विकत मिळतात. मूळ पदक यायला वेळ लागला की नोकरीतले जवानही तीच लावतात. आबांनाही नातू आणून देणार होता. ते त्यांना नको होतं. कडेवर नंबर कोरलेलं मेडल आणि शीट रोलवरची ओळ यांचा मेळ बसला, तरच त्याला अर्थ.

शीट रोलची प्रत आली तेव्हा कळलं की पंचविसाव्या वर्षाचं पदक तिथं आधीपासून लिहिलेलं होतं. डिस्चार्ज बुक भरताना उतरवायचं राहिलं होतं. लाँग सर्व्हिसची पार्ट टू ऑर्डर पुढं निघाली, क्रमांकासह पत्र आलं. पूर्वी स्टारचा अर्ज अजून चालू आहे, मनिऑर्डरीच्या पावतीची प्रत जोडून. आबांनी आलेल्या पत्रातला ऑर्डर नंबर पाठ केला आहे.

आबा आले त्या पहिल्या दिवशी ओसरीवर पुढचा नंबर सतरा वर्षं नोकरी करून पुढच्या महिन्यात पेन्शनवर येणाऱ्या एका नायकाचा होता. तो सुट्टीवर आला होता, पेन्शनचे फॉर्म विचारायला. हवालदारसाहेबांनी फॉर्म नंतर दाखवले. आधी सांगितलं, “परत गेलास की हेड क्लार्ककडं बसून शीट रोल वाच. पोरांची नावं, बायकोचं नाव, मेडलं, समदं. एक अक्षर चुकलं असंल तर तिथंच ऑर्डर काढून घे. आज एक सही लागंल. चाळीस वर्सांनी तुझा नातू माझ्यासारख्याला हुडकत फिरंल.”